उधारीचं पोतं

इचलकरंजीत दिवाळी आधी कानाला कळते. एरवी वखार भागात उभे राहा, जवाहरनगरात राहा, नाहीतर विकली मार्केटच्या मागच्या गल्लीत. पत्र्याच्या शेडमधून साध्या मागांचा खडखडाट येतच असतो. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायला इथली माणसं लहानपणीच शिकतात. बोनस वाटून झाला, की कामगार गावाकडं जातात, माग थांबतात आणि शहर एकदम मुकं होतं. पाहुण्याला ती शांतता बरी वाटते. कारखानदाराला ती महागात पडलेली असते.

त्याआधीच्या पंधरवड्यात तीन देणी एकदम दारात उभी राहिलेली असतात: कामगारांचा बोनस, विजेचं बिल आणि सूतवाल्याची बाकी. येणं एकच, विकलेल्या कापडाचं. आणि त्याबद्दल पेढीवरून निरोप येतो, ‘दिवाळीनंतर बघू.’ बोनस उधार ठेवता येत नाही. ठेवला तर सुट्टीनंतर मागावर माणूस येत नाही. वीज कंपनी कुणासाठी थांबत नाही. राहतो तो सूतवाला. त्याच्या पेढीवर जायचं, चहा घ्यायचा आणि म्हणायचं, ‘शेठ, एवढी दिवाळी जाऊ द्या.’ शेठ वहीत बघतो, जरा वेळ लावतो आणि बहुतेक वेळा ‘हो’ म्हणतो.

त्या ‘हो’ची किंमत काय पडते, हे शोधण्यासाठी हा लेख.

सुतापासून पैशापर्यंत

आधी धंद्याचं चक्र समजून घेऊ. कारखानदार सूत विकत घेतो. तीस नंबर, चाळीस नंबर असे सुताचे काउंट. नंबर वाढेल तसा धागा बारीक. ताण्याचं सूत आधी सायझिंगला जातं. तिथं त्याला खळ बसते, कारण कोरा धागा मागाचा मार सोसत नाही, तुटतो. खळ दिलेलं सूत बीमवर गुंडाळून येतं. बीम मागावर चढतो, बाण्याचं सूत कांड्यांवर भरलं जातं आणि कापड उतरू लागतं. एका इंचात बाण्याचे किती धागे बसले, ते ‘पिक’. 52 पिक म्हणजे इंचाला 52 आडवे धागे. मजुरी, भाव, भांडणं, सगळं या पिकावर चालतं.

उतरलेलं कापड कोरं असतं, ग्रे. त्याच्या घड्या-गाठी बांधून ते व्यापाऱ्याकडं जातं आणि तिथून रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याला, अहमदाबादला किंवा आणखी कुठं. तिकडचा पैसा इकडं उलटा यायला लागतो तेव्हा दोन महिने उलटून गेलेले असतात.

आता एक माणूस कल्पून हिशेब मांडू. त्याला बापू म्हणू. बापूचे सोळा साधे माग आहेत. महिन्याला साधारण दहा लाखांचं सूत लागतं. आकडे समजण्यापुरते गोल धरले आहेत. मुद्दा आकड्यांचा नाही, त्यांच्या चालीचा आहे. सूत सायझिंगला जाऊन मागावर चढून कापड होऊन बाहेर पडायला एक महिना. कापड विकल्यावर पैसे यायला दोन महिने. म्हणजे कुठल्याही दिवशी बापूचं तीन महिन्यांचं, तीस लाखांचं सूत कुठं ना कुठं अडकलेलं असतं: काही सायझिंगात, काही बीमवर, काही गाठीत, आणि बरंचसं दुसऱ्याच्या वहीत.

सूतवाला त्याला एक महिन्याची उधारी देतो. म्हणजे तिसातले दहा लाख सूतवाल्याचे. राहिलेले वीस लाख बापूनं आणायचे, शिवाय कामगारांची मजुरी आणि विजेचं बिल. वडिलांच्या वेळची जागा, बायकोचं सोनं, पतसंस्था, नागरी बँक, भिशी, मेहुणा; असं करत ते उभे राहतात.

सूतवाला हीच बँक

एकाच माणसाकडून माल घेऊ नये, चार ठिकाणं हाताशी ठेवावीत, हे उद्योगाच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात सांगतात. सल्ला चुकीचा नाही. इचलकरंजीत सूत विकणाऱ्यांचा तोटाही नाही. कोइमतूर, दिंडिगल या तमिळनाडूच्या पट्ट्यातल्या गिरण्यांचं सूत इथं येतं, राज्यातल्या सूतगिरण्यांचं येतं. व्यापारी आणि दलाल पुष्कळ. तरी बापू वर्षानुवर्षं एकाच पेढीवर का जातो?

सवय हे एक कारण. सूत हेही कारण आहे. दोन लॉटचं सूत एका कापडात आलं, तर कोऱ्या कापडात काही दिसत नाही, पण रंग चढला की पट्टे उमटतात आणि सगळी गाठ परत येते. नव्या गिरणीचं सूत नीट निघालं नाही तर तुटी वाढतात, माग थांबतो, आणि मीटरवर मजुरी घेणारा कामगार वैतागतो. म्हणून ओळखीचं सूत बरं.

पण खरं कारण वहीत आहे. रोखीनं घेतलं तर जे सूत शंभर रुपयांना मिळतं, ते महिन्याच्या उधारीवर एकशे दोनला पडतं असं धरू. दोन रुपये कुणाला जड वाटत नाहीत. पण महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. दहा लाखांच्या फिरत्या उधारीवर बापू वर्षाला 2 लाख 40 हजार रुपये व्याज देतो, आणि ते व्याज आहे हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते सुताच्या भावात विरघळून गेलेलं असतं. बँकेनं हेच दहा लाख बारा टक्क्यांनी दिले असते, तर निम्म्यात भागलं असतं. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असं आपल्याकडं म्हणतात, ते याच अर्थानं. पोतं भरलेलं दिसतं. कमी भरतं ते भावात.

आता बापूनं पेढी बदलायची ठरवली तर? जुन्या शेठची दहा लाखांची बाकी आधी एकरकमी चुकती करावी लागेल. नव्या पेढीवर त्याला कुणी ओळखत नाही. पत बसेपर्यंत चार-सहा महिने रोखीनं सूत घ्यावं लागेल, म्हणजे ते दहा लाख नव्या उधारीनं भरून निघणार नाहीत. शंभरामागं दोन रुपये वाचवायला आधी दहा लाख लागतात. एवढे असते, तर उधारीच कशाला घेतली असती?

इतकंच काय, दुसरीकडं नुसता भाव विचारायलाही तो कचरतो. बाजार लहान. सकाळी एका पेढीवर भाव विचारला, तर दुपारी दुसऱ्या पेढीला कळतं. मग शेठ हसून म्हणतो, ‘काय बापू, आमचं सूत आता गोड लागंना व्हय?’ हसण्यावारी नेलेल्या त्या वाक्याचा अर्थ दोघांनाही कळतो. पुढच्या दिवाळीत ‘हो’ म्हणायचं की नाही, हे शेठच्या हातात आहे. हात दगडाखाली असला की माणूस सावकाशच हलतो.

यात शेठला खलनायक करायचं कारण नाही. बापूकडं तारण नाही, ताळेबंद धड नाही, तरीही त्याला दहा लाख देणारा गावातला हा एकटा माणूस. तो कागद मागत नाही, कारण त्याला बापूच्या मागांचा आवाज ऐकू येतो. किती माग चालू, किती बंद, कापड कुणाला जातं, पोरीचं लग्न कधी आहे, हे त्याला ठाऊक असतं. वसुलीसाठी त्याला कोर्ट लागत नाही. सूत थांबवलं की पुरतं. स्वतः त्याच्याही डोक्यावर गिरणीचं देणं असतंच. ही बँकच आहे. फक्त या बँकेत खातं बंद करायची सोय नाही.

मोठ्या कारखान्याला पुरवठादार वाढवणं हा खरेदी विभागाचा निर्णय असतो. छोट्याला तो कर्जफेडीचा प्रश्न असतो. बापूच्या बाबतीत पुरवठादार आणि भांडवल हे दोन विषय नाहीतच, एकच आहे.

लाखाची खंडी

ही गाठ किती घट्ट असते, ते 2021-22 साली दिसलं. कापसाचा भाव खंडीवर बोलतात. खंडी म्हणजे 356 किलो रुई. 2021 च्या सुरुवातीला पंचेचाळीस हजारांच्या आसपास असलेली खंडी मे 2022 मध्ये लाखावर गेली. 2021 च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर लावलेलं शुल्क, एकंदर 11 टक्के, सरकारनं एप्रिल 2022 मध्ये तात्पुरतं उठवलं. पण बाहेरचा कापूस जहाजातून येऊन सूत होईपर्यंत महिने जातात.

भाव चढता असला की उधारीचा धंदा उलटतो. आज महिन्याच्या वायद्यानं विकलेलं सूत उद्या रोखीनं महाग जाणार असेल, तर उधार कोण देईल? वायद्याचे दिवस आखडतात, ‘आधी पैसे, मग माल’ सुरू होतं. सुताचा भाव दुप्पट झाला म्हणजे बापूला तेवढंच कापड काढायला तिसाऐवजी साठ लाख हवेत, आणि नेमकी तेव्हाच त्याची बँक, म्हणजे शेठ, हात आखडता घेते. अशा वेळी पाच सूतवाले ओळखीचे असून उपयोग नसतो. पाचही जणांचं सूत त्याच कापसाचं, पाचही जण त्याच दिवशी रोख मागतात.

पुढचा फटका उतरत्या भावाचा. त्याच वर्षी खंडी लाखावरून खाली आली. वर्ष संपायच्या आत सुमारे तिसरा हिस्सा भाव उतरला. महाग सुताचं कापड ज्याच्या गाठीत होतं, त्याला ते स्वस्त सुताच्या भावात विकावं लागलं. देणं जुन्या भावाचं, येणं नव्या भावाचं. यात ज्याच्याकडं थांबायची ऐपत होती तो टिकला.

ज्यांना कापसाचा ताप नको होता, ते कृत्रिम धाग्याकडं वळले. पण तिथंही वाट रुंद नाही. पॉलिस्टर आणि व्हिस्कोजचा कच्चा माल देशात मोजक्या मोठ्या घरांतून येतो. शिवाय जीएसटी आल्यापासून कृत्रिम धाग्यावर आधी 18, मग ऑक्टोबर 2017 पासून 12 टक्के आणि कापडावर 5 टक्के अशी उलटी रचना होती. धाग्यावर भरलेला जास्तीचा कर कापडावर पुरता वळता होत नसे. त्याचा परतावा द्यायची मुभा 1 ऑगस्ट 2018 पर्यंत कापडाला नव्हतीच. धाग्यावरचा कर 5 टक्क्यांवर आला तो 22 सप्टेंबर 2025 ला. मधली आठ वर्षं छोट्याचं थोडं भांडवल सरकारच्या खात्यातही बसून होतं.

खर्चीवाला

भांडवल संपलेल्या मागवाल्यासाठी इचलकरंजीत एक शब्द आहे: खर्चीवाला. व्यापारी सूत किंवा तयार बीम आणून देतो, मागवाला विणून देतो आणि पिकाच्या हिशेबानं, पैशांत मोजलेली मजुरी घेतो. माग त्याचा, शेड त्याची, कामगार त्याचे, विजेचं बिल त्याचं. सूत त्याचं नाही, कापडही त्याचं नाही.

वरवर बघता हे सुखाचं वाटतं. खंडी लाखाला जावो की पन्नास हजाराला, खर्चीवाल्याला झोप लागते. सुताची उधारी नाही, कापडाची वसुली नाही. पण ज्याच्याकडून माल येतो आणि ज्याला माल जातो, तो माणूस इथं एकच झालेला असतो. त्यानं बीम देणं थांबवलं, की दोन्ही दारं एकाच वेळी बंद. मंदी आली की व्यापारी आपल्या तोट्याची पहिली वाटणी मजुरीत करतो: पिकाला पाव-अर्धा पैसा कमी. ऐकायला थोडं वाटतं. पण 52 पिकाच्या कापडाला पिकामागं अर्धा पैसा म्हणजे मीटरला 26 पैसे, आणि महिन्याला चाळीस हजार मीटर काढणाऱ्याचे दहा हजार चारशे रुपये.

स्वतःच्या सुतावर धंदा करणारा कारखानदार आणि खर्चीवाला यांच्या मधली पायरी एकाच दिशेनं उतरते. एक बुडालेली उधारी, एक मोठं आजारपण, भावाचं एक वाईट वर्ष, की तो खाली येतो. वर चढायला पुन्हा तीस लाख लागतात, आणि मजुरीतून ते साठत नाहीत. खर्चीच्याही खालची पायरी भंगाराची. तिथं साधा माग किलोवर जातो.

दातारांच्या मागापासून सूतगिरणीपर्यंत

हे गाव असं घडलं ते पत आणि धाडस यांच्या जोरावर. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं त्यांना उत्तेजन होतं. पंचगंगेकाठचं हे गाव पुढं ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणवून घेऊ लागलं. जानेवारी 1982 मध्ये मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांचं विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांकडं आधीपासूनच सरकत होतं; संपानंतर ते आणखी जोरानं सरकलं.

त्याच्याही आधी या भागानं सुताच्या परावलंबनावर एक उत्तर शोधलं होतं: सहकारी सूतगिरणी. डेक्कन सूतगिरणीचं नाव तर शहराच्या एका भागालाच चिकटलं. पुढं कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्या पुढाकारानं महिलांची सहकारी सूतगिरणीही इथं उभी राहिली. कल्पना साधी होती. पुरवठादारावर भरवसा नसेल, तर पुरवठादार आपल्याच मालकीचा करावा.

ती कल्पना सगळीकडं फळली नाही. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या तोट्यात गेल्या, काही बंद पडल्या. त्यात राजकारण होतं, ढिसाळ कारभार होता, आणि एक धंद्यातलं कारणही होतं. कापूस हंगामात रोखीनं घ्यावा लागतो आणि सूत वर्षभर विकावं लागतं. खेळतं भांडवल कमी पडलं, की सहकारी गिरणीही खासगीसारखीच रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाकडं वळते, आणि सभासद मागवाला रांगेत मागं जातो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

बँकेची खिडकी

मग बँक का नाही? योजना कमी नाहीत. तारण नसलेल्यांसाठी पतहमी देणारा निधी ट्रस्ट 2000 सालापासून आहे. हमीची मर्यादा एप्रिल 2025 पासून दहा कोटींपर्यंत गेली. मुद्रा योजना एप्रिल 2015 मध्ये आली. तिची मर्यादा दहा लाख, आणि आधीचं ‘तरुण’ कर्ज नीट फेडलेल्यांसाठी 2024 पासून वीस लाख. बापूची गरज आठवा: सूतवाल्याचे दहा सोडून वीस लाख, शिवाय मजुरी आणि वीज. मुद्राचं कर्ज मिळालं तरी ते शेठची जागा घ्यायला पुरत नाही. ते शेठच्या जोडीला बसतं. हप्ते मात्र दोन होतात.

हमी असली तरी बँकेला कागद लागतो. साध्या मागाची बाजारात किंमत भंगाराइतकी, म्हणून त्याला तारण म्हणून वजन नाही. शेड वडिलांच्या नावावर, त्यात तीन भावांचे हिस्से. आणि हिशेब? निम्मा व्यवहार वहीत, निम्मा तोंडी. यात बापूचाही दोष आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कर वाचावा म्हणून वर्षानुवर्षं विक्री कमी दाखवली, तर बँकही तेवढीच विक्री धरून कर्ज मोजणार. वहीत झाकलेला पैसा कर्जाच्या अर्जावर उगवत नाही.

कोविडच्या काळात हा फरक उघडा पडला. मे 2020 मध्ये केंद्रानं तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना जाहीर केली. 29 फेब्रुवारी 2020 ला बँकेचं जेवढं कर्ज अंगावर होतं, त्याच्या 20 टक्के जादा कर्ज हमीवर मिळणार होतं. अनेक धंदे त्यानं तरले. पण ज्याचं कर्ज बँकेचं नव्हतंच, सूतवाल्याचं होतं, त्याच्या शून्याचे 20 टक्के शून्यच. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या यू. के. सिन्हा समितीनं 2019 मध्ये देशातल्या लहान उद्योगांना कमी पडणारं कर्ज 20 ते 25 लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला होता. या पोकळीत धंदे थांबून राहिलेले नाहीत. ती पोकळी शेठ लोकांनी आपल्या भावानं भरली आहे.

पंचेचाळीस दिवस

दुसरा उपाय कायद्यातून आला. बापूचं कापडाचं येणं दोन महिन्यांऐवजी दीड महिन्यात आलं, तर पाच लाखांचं सूत आपोआप मोकळं होतं. लहान उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात हे आहेच: करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे; उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. ऑक्टोबर 2017 पासून तक्रारीसाठी ‘समाधान’ पोर्टलही आहे. पण आपल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार? केली तर पैसे मिळतील, पुढचा सौदा मिळणार नाही.

म्हणून 2023 च्या वित्त कायद्यानं आयकरात कलम 43बी(एच) घातलं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं देणं मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा मिळणार नाही. कुणी तक्रार करायला नको. खरेदीदाराचा सनदी लेखापालच त्याच्या मागं लागेल. कागदावर हा बेत फार हुशार होता.

2024 च्या सुरुवातीला कापडपेठांत जे झालं, ते धंदा ओळखणाऱ्याला अनपेक्षित नव्हतं. ‘31 मार्चच्या आत पैसे द्यायला लागणार असतील, तर माल परत घेऊन जा.’ ‘तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, मग घेतो.’ जी नोंदणी लहान उद्योगाला संरक्षण देणार होती, तीच सौद्यात आडवी आली. कारण कापडाचा व्यापारीही पुढच्याच्या उधारीवर चालतो, आणि व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. ते फक्त उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. साखळीची एकच कडी आवळली, की ताण बाजूच्या कडीवर जातो. तरी मला हा कायदा टिकावासा वाटतो. साठ-नव्वद दिवसांचा रिवाज आकाशातून पडलेला नाही. ताकदवानानं तो हळूहळू लांबवत नेला आहे, आणि तो परत आखडायला काही वर्षं जाणारच. नोंदणी रद्द करून बापूनं मिळवलेला सौदा हा त्याच जुन्या ‘हो’चा आणखी एक हप्ता आहे.

यादीत नसलेले पुरवठादार

पुरवठादार म्हटलं की सूत आठवतं. पण 2015 मध्ये सायझिंग कामगारांनी किमान वेतनासाठी संप केला आणि तो कित्येक आठवडे चालला. गोदामात सूत होतं, मागावर कामगार होते, गिऱ्हाईक होतं. पण खळ दिलेले बीम नाहीत, म्हणून माग ओळीनं थांबत गेले. किती जणांनी तोवर सायझिंगवाल्याला ‘पुरवठादार’ म्हणून मोजलं असेल?

पंचगंगाही या यादीत येते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस या भागाची वाहतूक तुटली. तमिळनाडूचं सूत असो की राजस्थानला जायच्या गाठी, रस्ता एकच. त्याच नदीच्या प्रदूषणावरून रंगाई-छपाईच्या कारखान्यांवर, म्हणजे प्रोसेसवर, कारवाई होते, तेव्हा कापडाची पुढची वाट अडते.

म्हणून दोन पेढ्यांवर खातं काढलं म्हणजे धोका निम्मा झाला, असं होत नाही. दोन्ही पेढ्या एकाच गिरणीचं सूत विकत असतील, तर खाती दोन, पुरवठादार एकच. वाट खरोखर दुसरी असेल तरच तिचा उपयोग: दुसऱ्या भागातली गिरणी, दुसरा काउंट, गरज पडली तर दुसऱ्या जातीचं कापड काढता येईल असा माग. हे सगळं पैशानं होतं. ऐन अडचणीत ते सुचून उपयोग नाही. आधीच केलेलं असावं लागतं.

काय चालू शकतं

एक योजना या दुखण्याच्या अगदी जवळ पोचली होती. एप्रिल 2017 मध्ये केंद्रानं ‘पॉवरटेक्स इंडिया’ सुरू केली, आणि तिच्यात ‘यार्न बँक’ होती. मागवाल्यांनी एकत्र येऊन संस्था काढायची, सरकार तिला दोन कोटींपर्यंत बिनव्याजी निधी देणार, त्यातून सूत घाऊक भावानं थेट गिरणीकडून घ्यायचं आणि लहान मागवाल्यांना वाजवी भावानं द्यायचं. सूत आणि पत यांची गाठ एकाच वेळी सोडवायची ही कल्पना मला आजही सगळ्यांत समंजस वाटते. याच योजनेत एकट्या मागवाल्याला मुद्रा कर्जावर 6 टक्के व्याजसवलतही होती.

तिची मर्यादा तिच्याच आकड्यात होती. बापूसारखा एकजण महिन्याला दहा लाखांचं सूत घेतो. दोन कोटी म्हणजे वीस बापूंचा एक महिना, आणि इचलकरंजीतले माग लाखाच्या घरात मोजतात. निधी फिरता ठेवायचा, तर वेळेवर पैसे न देणाऱ्या सभासदाचं सूत थांबवावं लागतं. शेठ ते सहज करतो. संस्थेच्या अध्यक्षाला ते जमत नाही, कारण पुढच्या वर्षी निवडणूक असते. शेठची शिस्त आणि बँकेचं व्याज एकाच संस्थेत आणणं, एवढंच खरं काम आहे, आणि ते योजनेच्या कागदावर होत नाही.

येण्याच्या बाजूला ‘ट्रेड्स’ आहे. पुरवठादारानं बिल मंचावर टाकायचं, खरेदीदारानं ते मान्य करायचं, बँका त्यावर बोली लावणार आणि पैसे लगेच, वसुली खरेदीदाराकडून. असा पहिला मंच 2017 मध्ये सुरू झाला. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर येणं आता बंधनकारक आहे. यात पत मोजली जाते ती खरेदीदाराची, बापूची नाही. हे फार मोलाचं आहे. पण बापूचं कापड थेट अशा कंपनीला जात नाही. ते गल्लीतल्या पेढीला जातं, पेढीकडून अडत्याला, तिथून बालोत्र्याला. मंचापर्यंत बिल पोचतं तोवर त्यावर बापूचं नाव राहिलेलं नसतं.

मग बापूच्या हातात काय आहे? मला वाटतं, एक लहान गोष्ट आहे. सगळी उधारी फेडायची स्वप्नं बघण्यापेक्षा महिन्याच्या सुताचा दहावा भाग, एक लाखाचा, दरमहा रोखीनं घ्यायला सुरुवात करायची, आणि तो दुसऱ्या पेढीवरून. त्या सुताचा बीम वेगळा लावायचा, म्हणजे लॉट मिसळत नाही. बिल पक्कं घ्यायचं, पैसे बँकेतून द्यायचे. वर्षभरात तीन गोष्टी तयार होतात: दुसऱ्या गिरणीच्या सुताची ओळख, दुसऱ्या पेढीवरची पत आणि बँकेला दाखवायला बारा महिन्यांचा स्वच्छ कागद. बँकाही आता खात्यातली आवकजावक आणि जीएसटीची विवरणं बघून कर्ज मोजू लागल्या आहेत. त्यांना निदान बघायला काहीतरी लागतं. लाखावर महिन्याला दोन हजार वाचतात, तेही त्याच खात्यात टाकायचे. याला वेळ लागतो. पण उधारीही एका दिवसात चढलेली नव्हती.

मागील बाकी

लक्ष्मीपूजनाला पेढ्यांवर नवी वही पुजतात. संगणक आला तरी लाल वही गेलेली नाही. पहिल्या पानावर ‘श्री’, हळद-कुंकू, एक सुपारी. मुहूर्ताचा सौदा होतो, पेढे वाटले जातात. मग कुणीतरी पान उलटतं आणि दुसऱ्या पानावर, प्रत्येक खात्याच्या डोक्यावर, पहिली ओळ लिहितं: मागील बाकी.

वही कितीही नवी असली तरी ती ओळ जुनी असते. बापूच्या खात्यावर यंदा तिथं दहा लाख लिहिले जातील. बाहेर माग अजून बंद असतील, आणि शेठ पेढा पुढं करत म्हणेल, ‘घ्या बापू, वर्ष चांगलं जाऊ दे.’ तो ते मनापासून म्हणेल.

एखाद्या वर्षी तिथं सात लिहिले जातील, पुढं कधी पाच. ज्या दिवाळीत तो आकडा बापूच्या आवाक्यात येईल, तेव्हा सुट्टी संपून माग सुरू झाल्यावर तो सकाळी दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या एका पेढीवर जाईल. सूत घेईलच असं नाही. चाळीस नंबरचा आजचा भाव मात्र तो मोठ्यानं विचारेल, आणि दुपारपर्यंत ते बाजारभर झालं तरी त्याला चालेल.